पुंगळी आणि पाण्याच्या टाकीचा चढ

आत्याची मोटरसायकल शेवटी वहिनीला मिळाली.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. आमच्या घरात ते कुणी उच्चारत नाही, कारण उच्चारलं की दादाला ठसका लागतो आणि त्याच्या ठसक्याने शेजारचं बाळ उठतं. तेव्हा मोटरसायकल अजून कुणालाच मिळालेली नाही, दादाची मान ताठ आहे आणि मी त्याच्या बाजूला निमूटपणे पाना धरून उभा आहे, असं समजून चालू.

दादाला लहानपणापासून सगळे भोंग्या म्हणतात. तो कानात काही सांगायला लागला तर पलीकडच्या इमारतीतून उत्तर येतं. त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे आत्याची मोटरसायकल. आत्या बेकरीचा पाव पोचवते. गरम पावाचे क्रेट मागे बांधायचे आणि पाण्याच्या टाकीपर्यंतचा चढ चढायचा. ती हॉर्न वाजवत नाही, हाक मारत नाही. गाडीचा जाडसर ‘डुग-डुग-डुग’ वळणावर आला की चढावरची दारं उघडतात आणि पिशव्या बाहेर येतात. टाकीजवळच्या काठीवाल्या आजोबांना तर त्या आवाजाशिवाय भूकच लागत नाही. बेकरी बंद असली की ते बिचारे दिवसभर अस्वस्थ असतात आणि कशामुळे ते त्यांना कळत नाही.

पण आत्याचा गुडघा आता किक मारायला तयार नव्हता. तिने दादाला बोलावलं.

“भोंग्या, रविवारी मला मागे बसव, क्रेट बांध आणि टाकीपर्यंत ने. पाव गरम असताना सगळा वाटून झाला तर गाडी तुझी आणि फेरीही तुझी. नाहीतर मी दुसरं कुणीतरी बघते.”

“दुसरं आहे कोण?” दादा हसला.

स्वयंपाकघरात वहिनीही हसली. ते फक्त मला ऐकू आलं.

शहाण्या माणसाने अशा वेळी ऑइल बदललं असतं, चाकात हवा भरली असती. दादाने सायलेन्सरच्या जागी बसवायला पुंगळी आणली. हातभर लांबीची, चकचकीत, आत काहीही नसलेली नळी. आरपार बघितलं तर समोरचा माणूस दिसायचा. दादाने माझ्याकडे त्यातून बघितलं आणि तो खूश झाला.

गॅरेजमधला मिस्त्री मात्र खूश नव्हता. “साहेब, आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली असं नसतं हो.”

“मिस्त्री, साधी गोष्ट आहे. धूर झटकन बाहेर गेला की इंजिनाला मोकळा श्वास. शर्यतीच्या गाड्यांना असंच असतं.”

“त्या सुसाट पळवायच्या असतात. तुम्ही आत्याबाईंना घेऊन दारोदार थांबत चढणार.” मिस्त्रीने हात पुसले. “असं बघा. पाहुणे निघाले म्हणून दार सताड उघडं टाकलं आणि त्यांच्या मागोमाग घरातलीच माणसं बाहेर पडली, तर घरात उरलं कोण? हळू चालवताना या नळीत तेच होतं. जळका धूर जातो, सोबत न जळलेलं पेट्रोलही जातं. जुना सायलेन्सर दार जरासं लोटून धरतो. म्हणून चढावर गाडीला ओढ मिळते.”

“आमच्याकडचे पाहुणे जातच नाहीत,” दादा म्हणाला. “बसवा.”

“मग निदान कार्बोरेटरचा जेट तरी बदलू या, पेट्रोलचं माप जुळेल?”

“आधी आवाज तर ऐका!”

दादाने किक मारली. मिस्त्रीच्या फळीवरचा ग्रीसचा डबा स्वतःहून खाली उतरला.

“काय?” मिस्त्री ओरडला. कुणी काही बोललेलं नव्हतं.

मी जुना सायलेन्सर पोत्यात घालून घरी नेला. वहिनीने तो हातात घेऊन हलवून बघितला आणि म्हणाली, “भाऊजी, हा माळ्यावर नका टाकू. खालीच असू दे. लागेल.”

रविवारी दादा पुढे, आत्या मागे, तिच्या मागे क्रेट आणि मागून मी आणि वहिनी स्कूटरवर. सपाट रस्त्यावर दादा राजासारखा गेला. चढ लागला आणि आवाज आकाशाला भिडला, गाडी मात्र जमिनीला चिकटली. विमान उडतंय असा गडगडाट आणि वेग बाबागाडीचा. मध्येच ‘फाट!’ असा बार व्हायचा आणि आत्या जागेवरून वीतभर वर जायची.

काठीवाले आजोबा फिरून परत चढत होते. ते गाडीच्या बरोबरीला आले, थोडं थांबून बघितलं आणि पुढे निघून गेले.

खरा घोटाळा वेगळाच होता. एकही दार उघडेना. उलट, वळणावर आवाज पोचताच धडाधड खिडक्या लागायला लागल्या. वाळत घातलेले कपडे आत गेले. एका बाईने पोपटाचा पिंजरा उचलून आत नेला. तिने दाराच्या फटीतून विचारलं, “अहो, डासांचा धूर आज कसा? तो तर बुधवारी असतो ना?”

“पाव आहे, पाव!” दादा बोंबलला.

“काय पण औषधं काढतात,” म्हणत तिने फटही लावून घेतली.

अर्ध्या चढावर गाडी शेवटचा बार काढून बंद पडली. सगळीकडे शांतता पसरली. आत्याने क्रेटवरच्या कापडाखाली हात घातला.

“भोंग्या, कोमट झाले.”

दादा काहीच बोलला नाही. तो न बोललेला मी पहिल्यांदाच बघितला, आणि खरं सांगतो, मला ते आवडलं नाही.

वहिनीने स्कूटरवर पायांपाशी ठेवलेलं पोतं बाहेर काढलं. “अहो, पाना द्या.”

“तू हे बरोबर आणलंस?”

“तुम्ही आवाज आणलात, मग मी दुसरं काय आणणार?”

गरम पुंगळी फडक्यात धरून तिने उतरवली, जुना सायलेन्सर चढवला, बोल्ट आवळले आणि किक मारली. डुग-डुग-डुग. पहिलं दार उघडलं. मग पोपटवालीचं. मग वरपर्यंत एकेक करत सगळी. आत्या मागे बसली आणि गाडी लोण्यासारखी चढून गेली. वरून आजोबांचा आवाज आला, “अरे, भूक लागली!”

तिथेच, टाकीखाली, आत्याने किल्ली वहिनीच्या हातात ठेवली. पाव पुरता गरम नव्हता, पण गिऱ्हाइकांनी तक्रार केली नाही. डासांच्या औषधापेक्षा तो बराच बरा होता.

आता रोज वहिनी गाडी चालवते आणि दादा मागे क्रेट धरून बसतो. वरच्या मजल्यांवर पाव तोच पोचवतो. पुंगळीत आईने मनीप्लँट लावलाय.

तरी सक्षम अधिकाऱ्यांना नम्र विनंती, की पाण्याच्या टाकीकडे जाणारा सदर चढ फक्त एका रविवारपुरता उतार म्हणून घोषित करण्यात यावा, जेणेकरून अर्जदाराच्या थोरल्या भावास फेरचाचणीची संधी मिळेल. मनीप्लँटची पर्यायी व्यवस्था अर्जदार स्वखर्चाने करील.