कापलेली डावी बाजू

मित्रांनो, माझ्या अंगावरचे काळे कातडे दोन ठिकाणी सुटले आहे आणि बटण दाबले की 'खट्' ऐवजी 'खर्र' असा आवाज येतो. तरी मला ओळखलेत ना? मी रीळ घालून चालणारा कॅमेरा. कारखान्यातून निघालो, बरेच महिने दुकानाच्या काचेत धूळ खात बसलो आणि शेवटी एका पुस्तके बांधणाऱ्या बाइंडरच्या गळ्यात पडलो.

त्याला बसवून काढलेले फोटो आवडत नसत. "तयार होऊन बसलेला माणूस म्हणजे नुसता पुठ्ठा," तो म्हणे. "आतली पानं बघायची तर त्याला कळता कामा नये." मला छातीशी धरून तो दुकानाच्या दारात उभा राही. माणसे आपापल्या नादात चौकटीत येत. माझे पुष्कळ कौतुक झाले, एकदा बक्षीसही मिळाले.

पण छापून आलेला फोटो हातात आला, की त्याचा हात शिवशिवे. पुस्तकांच्या कडा कापायच्या यंत्राखाली तो फोटोही सरकवी.

"अहो, माणसं आहेत ती, वह्या नव्हेत!" बायको म्हणे. "त्या बिचाऱ्या पोस्टमनचा हातच उडवलात."

"कडेला पसारा नको. तुला त्यातलं काही कळत नाही."

एका सकाळी यावरूनच खटका उडाला. तो फार लागेल असे बोलला. ती चहा तसाच टाकून बाजारात गेली. तासाभराने समोरच्या कोपऱ्यावर ती त्याला दिसली. त्याने मला उचलले. खट्! फोटोत डावीकडे कुणाची तरी पाठ आली होती. फोटो नीट न बघताच त्याने ती पाठ कापून टाकली.

गेल्या वर्षी आजारपणात ती गेली. तिचे कपाट आवरताना तो फोटो त्याच्या हाती लागला. फोटोत तिचे डोळे पाण्याने भरलेले, तोंडावर रुमाल गच्च दाबलेला. "मी हिला भर रस्त्यात रडवलं," तो पुटपुटला, "आणि वर फोटो काढला." त्याच दिवशी त्याने मला कपाटात कोंबले. माझ्या भिंगावर बुरशी चढली. खरे काय ते मी पाहिले होते, पण मला तोंड कुठे आहे?

मग त्याची मुलगी आली. भिंतीवर लावायला तिला आईने कपाटात जपलेला नेमका तोच फोटो हवा होता.

"तो सोडून कुठलाही घे," तो म्हणाला.

"का पण? निगेटिव्हला तरी कात्री लावली नाहीत ना? अख्खा छापून आणते."

आणि तिने आणला. डावीकडे एक बाक होता. 'रंग ओला आहे' ही पाटी खाली पडलेली होती. बाकावरून नुकतेच उठलेले बँकेचे हेडक्लार्क मोठ्या रुबाबात चालले होते, आणि त्यांच्या पांढऱ्या कोटावर मागे चार काळेभोर पट्टे होते.

"बाबा, आई रडत नाहीये! हसू दाबतेय!"

त्याने भिंग आणून पट्टे पाहिले, मग बायकोचे डोळे पाहिले. आधी हसला, मग रडला.

"त्या दुपारी ती दुकानात आली होती गं. 'अहो, आज काय गंमत झाली माहितीये?' म्हणाली. मी म्हटलं, कामात आहे."

"मग आता कळली ना गंमत? झालं तर."

मित्रांनो, आम्हाला ओलीत ठेवू नका, निगेटिव्ह जपून ठेवा. आणि एका तुकड्यावरून माणसाच्या मनातले ठरवू नका. जमले तर त्यालाच विचारा, तो असेपर्यंत.

बाइंडरने माझे भिंग पुसून घेतले आहे. तो फोटो आता भिंतीवर आहे, चारही कडांसकट. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, "वहिनींच्या शेजारी हे पाठमोरे गृहस्थ कोण?" मग तो खुर्ची पुढे ओढतो आणि म्हणतो, "बसा, सांगतो."