इंजिनवाली मशीन आणि माझं तोंड

निघतानाच लेकीनं मला दम भरला होता. "बाबा, मशीन कितीही चांगली निघाली तरी तिथं चांगला शब्द काढायचा नाही. नुसती खोट काढायची. तुम्हाला काय, सवयच आहे."

टोमणा मला बरोबर लागला. उभा जन्म मी वेल्डिंग केलं, हिच्या हातात रॉड धरायचा होल्डरही मीच दिला, पण "छान" असं कधी म्हटलं नाही. कौतुक केलं की हात ढिला पडतो, असं आमचे उस्ताद सांगायचे आणि मलाही ते पटलेलं. हिची आई म्हणते, यांच्या तोंडून चांगला शब्द काढायला पक्कड लागते.

लेक अजून एका वर्कशॉपमध्ये नोकरीलाच होती. आता तिनं साठवलेल्या पैशांतून एक जुना छोटा ट्रक घेतला होता. जिथं वीज नाही, तिथं आपण जायचं, असा तिचा बेत. खाणीत, रस्त्याच्या कामावर, मोडून पडलेल्या यंत्रापाशी. त्यासाठी इंजिनवर चालणारी वेल्डिंग मशीन हवी. नवी घ्यायची ऐपत नव्हती. जुनीचा भाव थोडा उतरला, तर ट्रकला नवे टायरही होणार होते. नोकरी सोडू का, असं तिनं मला विचारलं होतं. "तुझं तू बघ," एवढंच मी म्हणालो. तिला माझा होकार हवा होता, हे न कळण्याइतका मी खुळा नाही. पण तोंड उघडेल तर शपथ.

जुन्या यंत्रांच्या व्यापाऱ्याच्या आवारात मशीन शेडबाहेर ठेवली होती.

"काका, जुनं ते सोनं," तो म्हणाला.

"सोनं असतं तर कपाटात ठेवलं असतंस, उघड्यावर नाही," मी म्हणालो आणि सुरू झालो. पत्रा गंजलाय. टाकीला ओल दिसते. केबलला किती चिकटपट्ट्या! इंजिन चालू झालं तेव्हा काळा धूर निघाला, मग तर मला रानच मोकळं मिळालं. तो कुरकुरत का होईना, भाव उतरवायला लागला. लेकीनं मला हळूच कोपरखळी मारली. टायर दिसायला लागले होते.

"एकदा चालवून बघते," ती म्हणाली.

व्यापाऱ्यानं दोन जाड पट्ट्या शिकंज्यात उभ्या लावून दिल्या. उभा जोड खालून वर चढवायचा असतो आणि वितळलेलं लोखंड खाली ओघळायला बघतं. भल्याभल्यांची तिथं फजिती होते. माझ्या डोळ्यांची आता वाट लागलीय, डॉक्टरांनी वेल्डिंगच्या उजेडाकडे बघायचं नाही म्हणून बजावलंय. मी पाठ फिरवली आणि कान दिला.

रॉड टेकला तसं इंजिन दबलं. मग उसळलं, पुन्हा दबलं. करंट वरखाली होत होता, मशीन दमलेली होती. असल्या मशीनवर रॉड चिकटतो, तडतडतो, आणि नाचता येईना अंगण वाकडं म्हणत लोक मशीनला शिव्या घालतात. पण मागून आवाज येत होता तो एकसारखा, कढईत तळण चाललंय तसा. इंजिन दबलं की ती रॉड जवळ घेत होती, उसळलं की लांब धरत होती. हे मी तिला शिकवलं नव्हतं. हे मला स्वतःलाच फार उशिरा जमलं होतं. मी ऐकत राहिलो.

आवाज थांबला. जरा वेळानं टिक टिक करत जोडावरची काळी खपली आपोआप सुटून खाली पडली. जोड साफ बसला असेल तरच ती हातोडीशिवाय अशी सुटते. मी गर्रकन वळलो.

"वा पोरी! असा हात माझा ऐन उमेदीतही नव्हता!"

बोललो, आणि जीभ चावली. व्यापारी गालात हसला.

"काका, असा हात असेल तर मशीनचे पैसे चुटकीसरशी वसूल होतील. मग मी कशाला कमी करू? पहिला भाव तोच शेवटचा."

"अरे, तिच्या हाताचं बोललो मी! मशीन खटाराच आहे!"

"असेना. ताई चालवतात ना."

हात दाखवून अवलक्षण ते हेच. आता लेक मला फाडून खाणार, या भीतीनं मी बूट न्याहाळत उभा राहिलो. तिनं काचेचा मुखवटा काढला, चेहरा पुसला आणि एका शब्दानं घासाघीस न करता सगळे पैसे त्याच्या हातावर ठेवले.

मशीन ट्रकवर चढली. आम्ही पुढं बसलो. ती किल्ली फिरवेना.

"टायर घालवले मी तुझे," मी म्हणालो. "रागव, पण बोल काहीतरी."

"तेच परत म्हणा."

"काय?"

"मघाशी म्हणालात ते." ती माझ्याकडे वळली. "पूर्ण पैसे मोजलेत मी त्याचे."

मी म्हटलं. आणि आज तिनं विचारलं नव्हतं तरी, उद्याच्या उद्या नोकरी सोड म्हणूनही सांगितलं.