हाळीला ओ देणारी काहील

अहो, या ना, असे पुढे या! पण पाय मारून बघू नका हं, मी भंगार नाही. मी काहील आहे. उसाचा रस ज्या पसरट लोखंडी कढईत आटवून गूळ करतात ना, तीच! आता तुम्ही विचाराल, गुळाची काहील गोदावरीच्या काठावर दोन खांबांमध्ये टांगून काय करतेय? तेच तर सांगायचंय! ऐकणारं कुणी आलं म्हणून माझ्या कड्यासुद्धा वाजायला लागल्यात.

अंबडच्या एका लोहाराने पत्रा ठोकठोकून मला घडवलं. बेटसावंगीच्या काकासाहेबांच्या वडिलांनी मला बैलगाडीतून गुऱ्हाळावर आणलं. काय दिवस होते ते! खाली धडधडतं चुलाण, पोटात उकळता रस, आणि कडेला काकवीसाठी बोटं पुढे करणारी अख्ख्या गावाची पोरं. पुढे ऊस कारखान्याला जाऊ लागला, गुऱ्हाळ थंडावलं आणि मी गोठ्यामागे पालथी पडले. माझ्याखाली कोंबडी अंडी घालायला लागली. एवढी मोठी मी, आणि झाले खुराडं!

मग नदीवर बंधारा झाला. पाणी फुगून आमच्या ओढ्यात शिरलं आणि गाव एका काठाला, शहागडकडे जाणारा रस्ता दुसऱ्या काठाला, असं होऊन बसलं. पूल होणार, होणार, असं सगळेच म्हणत होते. तेव्हा तातेराव गोठ्यामागे आले. मजुरी करणारा, कमी बोलणारा माणूस. त्यांनी मला वाकून पाहिलं आणि म्हणाले, "काकासाहेब, हिला पालथी काऊन ठिवली? ही तर नाव हाय, नाव!"

आणि मला उलथवलं. माझं आयुष्यच उलथलं म्हणा ना!

दोन्ही काठांच्या बाभळींना तातेरावांनी एक जाड तार ताणून बांधली. माझी कडी त्या तारेत अडकवली. माझ्यात बसायचं, हाताने तार ओढायची, की मी सरसर पलीकडे. पाच-सहा माणसं, एखादी शेळी, पिठाची गोणी, सगळं मी नेलं. सुट्ट्या लागल्या की अंबड-जालन्याची पाव्हणी पोरं मामाकडे यायची, तीही माझ्यातूनच. दुपारी बाभळीखाली झोपायची, संध्याकाळी पाण्यात डुंबायची. एवढीच काय ती गावातली गडबड.

आणि आमची सगळी भिस्त हाळीवर! पलीकडच्या काठावरून कुणी साद घातली की ती हाळी. प्रत्येकाची हाळी वेगळी. काकासाहेबांची लांबलचक. त्यांच्या पुष्पाबाईंची घाईची. तातेरावांची बायको चांगुणाबाई तर नुसतं "अवोऽऽ" म्हणायची, आणि ते कुणाला आहे हे नदीलाही कळायचं. हाळी आली की तातेराव माझ्या कडेवर लोखंडी कडं आपटायचे, टण् टण्. म्हणजे ऐकलंय, येतोय. हीच आमची ओ. एकदा ओ दिली की हातातला घाससुद्धा ठेवून निघायचं. हाळी ऐकून न ऐकल्यासारखं करणं म्हणजे आमच्या गावात जेवत्या माणसाला ताटावरून उठवण्यासारखं.

या हाळीनेच सगळा घोळ घातला बघा!

त्या वर्षी ज्वारी छान भरली होती. काकासाहेबांनी बांधाजवळ आगटी पेटवून कणसं भाजली आणि रिवाजाप्रमाणे पाण्याकडे तोंड करून हाळी दिली, "हुरडा भाजलाऽऽ हो! ज्याला ऐकू आलं त्यानं याऽऽ!" ही हाळी पलीकडच्या चार मळ्यांसाठी होती. पण त्यांचा पोरगा हरिओम मोबाईल धरून उभा होता. त्याने ती हाळी टाकली की इंटरनेटवर!

पुढच्या रविवारी पलीकडच्या काठावर गाड्याच गाड्या. काकासाहेब चक्रावले.

"कोन तुम्ही? कोनाकडं आल्ते?"

"तुमच्याकडेच, काका! तुम्हीच बोलावलं ना? आम्हाला ऐकू आलं!"

पुष्पाबाईंनी काकासाहेबांना बाजूला ओढलं. "एवढ्यांना कुठून पुरवू? सांगा त्यांला, चुकून झालं म्हनून."

"हाळी माझीच हाय ना?" काकासाहेब म्हणाले. "मंग आलेल्याला परत कसं धाडू? बिलकुल न्हाई."

झालं! तिथून जी माणसं यायला लागली ती यायलाच लागली. आणि मी? काय सांगू, मी हरखून गेले! मला लाल-पिवळा रंग लागला. हरिओमने 'काहील सफारी' अशी पाटी लावली. बायका माझ्यात बसून किंचाळायच्या, पुरुष तार ओढून हात सोलून घ्यायचे आणि तेही मिरवायचे. पुष्पाबाईंच्या ठेच्याला पुण्याहून मागणी आली. बचत गटाच्या बायका भाकरी थापता थापता हिंदीतून गप्पा हाणायला शिकल्या. ज्या गावात एसटीसुद्धा मनावर घेऊन यायची नाही, तिथे लोक रांगा लावून उभे! बांधावर प्लास्टिकच्या ताटल्या उडायला लागल्या होत्या, हे खरं. भल्यामोठ्या स्पीकरवर गाणी लागायला लागली होती, हेही खरं. हाळी देणारे काठावर ताटकळत राहायचे आणि शेवटी हातवारे करायचे.

आता रूपालीचं सांगते. रूपाली म्हणजे तातेरावांची लेक. पोलीस व्हायचंच, असं तिने मनाशी धरलं होतं. पहाटे नदीकाठाने ती धावायची, तेव्हा तिच्या पावलांचा आवाज मला पाण्यातून यायचा. माझ्यात बसली तरी हातात पुस्तक. "आप्पा, हळू ओढा नं, एवढा प्रश्न होऊन जाऊ द्या," म्हणायची, आणि तातेराव तार धरून थांबायचे. मैदानी चाचणी ती पास झाली. राहिला लेखी पेपर. जालन्याला, आणि तोही नेमका रविवारी! गेट बंद झालं की कुणाचं काही चालत नाही, हे तिला पाठ होतं. शहागडहून सकाळची एसटी धरायची, असं बापलेकीचं ठरलं होतं.

त्या सकाळी हरिओमने लग्नाआधीच्या फोटोंचं काम घेतलं होतं. अर्पिता नावाची जालन्याची नवरी आणि तिचा नवरदेव. "तातेरावकाका, जल्दी उरकतो," हरिओम म्हणाला, "रूपालीताई तयार होईपर्यंत तुम्ही परत येता." तातेरावांनी दोघांना माझ्यात घेतलं आणि ओढ्याच्या मधोमध आणलं. फोटोवाल्याने रस्त्याकडच्या काठावरून स्पीकर लावला, डोक्यावर ड्रोन घोंघावायला लागला. एक फोटो झाला, मग आणखी एक, मग पदर उडाला नाही म्हणून परत एक. तातेराव म्हणाले, "साहेब, मला जायचंय." साहेबांना ऐकूच गेलं नाही. फोटोत येऊ नये म्हणून तातेरावांना खाली वाकून बसायला सांगितलं होतं, आणि त्यांची पाठ गावाकडे होती.

इकडे रूपाली काठावर आली. "आप्पाऽऽ!" तिने हाळी दिली. पुन्हा दिली. चांगुणाबाईने पदर कमरेला खोचून दिली, "अवोऽऽ!" ज्या हाळीला नदी ओळखायची, ती त्या गाण्यात विरून गेली. एसटीची वेळ जवळ येत होती. पोरीचे डोळे भरून आले. ती पोहून गेली असती, पण हॉलतिकिटाचं काय?

आणि मग तिची नजर तारेवर गेली. तिने काठावरचा एक गोटा उचलला आणि बाभळीजवळ तारेवर दाणकन हाणला. दोनदा!

अहो, काय सांगू! तारेतून तो दणका सळसळत आला, माझ्या कडीत शिरला, आणि माझं अख्खं अंग वाजलं. टण् टण्! माझ्या कडेवर कुणी कडं आपटलंही नव्हतं. आजवर मी दुसऱ्याच्या हाळीला ओ देत आले. त्या दिवशी हाळीच माझ्या पोटातून निघाली!

तातेराव ताडकन उभे राहिले. "माझ्या लेकीचा पेपर!" ते ओरडले आणि दोन्ही हातांनी तार ओढायला लागले, गावाकडे. फोटोवाला काठावर नाचतोय, नवरदेव माझ्या कडेला गच्च धरून बसलाय. "काका, काय झालं?" अर्पिताने विचारलं. तातेरावांनी धापा टाकत सांगितलं. त्यासरशी तिने शालू गुडघ्यापर्यंत खोचला आणि तीही तार ओढायला लागली!

रूपालीला घेऊन आम्ही रस्त्याच्या काठाला लागलो तोवर एसटीची वेळ टळून गेली होती. "आमची गाडी आहे ना," अर्पिता म्हणाली. नवरदेवाने तशाच शेरवानीत गाडी जालन्याकडे पिटाळली. गेटवरचे शिपाई म्हणे नवरीलाच उमेदवार समजले! पण रूपाली आत गेली आणि तिच्यामागे गेट लागलं.

ती पास झाली! भरतीही झाली! गावात पेढे वाटले, पाव्हण्यांनाही वाटले.

मग गावाने सभा घेतली. पाव्हणे बंद करा, असं दोघं-तिघं म्हणाले. काकासाहेब म्हणाले, "हाळी देऊन बोलावलंय, आता दार लावायचं न्हाई. पन आपली हाळी तं आपल्याला आयकू आली पाह्यजे का न्हाई?" तेव्हा ठरलं की काहील वाजली की सगळे स्पीकर बंद. आता पाण्यावर रंगीत फायबरच्या बोटी चालतात आणि मी इथे गावाकडच्या काठावर घंटेसारखी टांगलेली असते. पलीकडच्या बाभळीवरून येणारी ती तार मात्र माझ्या कडीला अजून बांधलेली आहे.

परवाच रूपाली पहिल्या सुट्टीवर आली. खाकी वर्दीत! पलीकडे उभी राहिली, खिशातल्या मोबाईलला हात लावला नाही, गोटा उचलला आणि तारेवर हाणला. टण् टण्! एकेक करून सगळी गाणी थांबली. एवढी गर्दी, पण सगळे गप्प. आणि त्या शांततेत गावातून चांगुणाबाईचा आवाज आला, "आली गं माझी माय!"

पाण्यावरून तो स्वच्छ पलीकडे पोचला. रूपाली काठावरच रडायला लागली, आणि तिच्याभोवतीचे अनोळखी लोकसुद्धा.

तुम्हीही या. हुरडा भाजलाय, हाळी तुमच्यासाठीही आहे. भरपूर खा, फोटो काढा, माझे तर काढाच! फक्त मी वाजले की थोडं गप्प व्हा. कुणीतरी पलीकडे उभं असतं.