मामाची मांडी

माझं पोरगं इंद्रजीत वाद घालायला बसलं की समोरच्याच्या हातातला चहा थंड होतो. शेंद्र्याच्या कंपनीत दिवसभर मशीनपुढं उभं राहून येतंय, तरी पारावर तोंड चालवायला त्याच्यात जीव असतोच. बोलणं एकच, "लस घेऊन रोग पसरायचा थांबत नाय. करोनात मी दोन्ही सुया टोचून घेतल्या, तरी झाला का नाय? अन् सोनियाला माझ्यापासूनच झाला का नाय?"

झाला होता, हे खरंच. म्हणून लोक माना डोलवायचे आणि ह्याच्या अंगात वारं भरायचं. त्याच नादात त्यानं स्वतःच्या दोन्ही लेकरांची गोवराची सुई राहू दिली. सून सोनिया सांगून थकली, मी सांगून थकले. ऐकंल तर तो इंद्रजीत कसला.

तेवढ्यात माझ्या लेकीच्या घरी जावळ निघालं. सायली गंगापूरला दिलेली. तिच्या पोरीला सातवा महिना लागला होता. आमच्यात जावळ काढताना लेकरू मामाच्या मांडीवर बसतं, त्याशिवाय वस्तरा लागत नाय. इंद्रजीतनं भाचीसाठी शहागंजच्या बाजारातून लाल झबलं आणलं आणि गल्लीत दहा जणांना उघडून दाखवलं.

आणि सायलीचा फोन आला. "आई, तुमच्या बाजूच्या वस्तीवर गोवर आलाय म्हणं. माझ्या पोरीला नऊ महिने भरल्याबिगर लस देत नायत. दादाच्या लेकरांनी सुई घेतलेली नाय. दादाला सांग, आधी लेकरांना सुई दे, मग मांडी द्यायला ये. नायतर मी बद्रीनाथदादाच्या मांडीवर बसवीन."

बद्रीनाथ म्हणजे माझ्या दिराचा पोरगा. सख्खा मामा धडधाकट असताना चुलत मामा बसवायचा? लोकांचं जाऊ द्या, ही दोघं बहीण-भाऊ जन्मात एकमेकांचं तोंड बघायची नायत. मला सायलीचा राग आला अन् इंद्रजीतचाबी आला. खरं सांगू का, सायलीचा जरा कमीच आला.

इंद्रजीत जेवायला बसला तेव्हा मी सगळं सांगितलं. त्यानं ताट सरकवलं. "बसवू दे बद्रीच्या मांडीवर. माझं काय अडलंय?" म्हणला आणि उठला. अडलं नव्हतं तर जेवायचं होतं की.

त्याच आठवड्यात गोवराच्या पायी गावात सभा भरली. सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण आली होती, सुकेशनी नावाची, वयानं पोरगेलीच. ती दोन शब्द बोलते न बोलते तोच आमचा घरचा वकील, इंद्रजीत, उभा राहिला. "मॅडम, फिरवून बोलू नका. करोनाच्या लसीनं पसरायचं थांबलं का? व्हय का नाय?"

मला वाटलं, आता ही बाई काहीतरी गोलगोल सांगणार.

ती म्हणाली, "नाय. पुरतं नाय थांबलं. लई जीव वाचले, पसरणंबी काही दिवस कमी झालं, पण थांबलं नाय. हे तेव्हाच सरळ सांगायला पाहिजे होतं."

मंडपात हशा पिकला. कुणीतरी शिट्टी मारली. इंद्रजीत एकटाच हसला नाय. भांडायला गेलेल्या माणसाला समोरून खरं ऐकायला मिळालं, की भांडणाची हवाच जाते.

"पण गोवराची लस वेगळी हाय, दादा," ती म्हणाली. "तिचे दोन्ही डोस घेतलेल्या बहुतेक लेकरांना गोवर होतच नाय. ज्याला झालाच नाय, तो दुसऱ्याला देणार कुठून? शंभरातल्या शंभरांचं मी सांगत नाय. पण ज्यांना वयापायी लस देता येत नाय, त्या तान्ह्या लेकरांना आजूबाजूच्या पोरांचाच आडोसा असतो."

इंद्रजीत खाली बसला. घरी येताना पारावरबी थांबला नाय. मला वाटलं, ह्याला तापबीप भरला का काय.

लसीचा दिवस आला तशी त्यानं सुट्टी टाकली, दोन्ही लेकरांच्या बखोट्याला धरलं आणि अंगणवाडीकडं निघाला. जाताना मला म्हणाला, "तू गप बस." मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

दोन दिवसांनी जावळासाठी आम्ही मायलेक एसटीनं गंगापूरला गेलो. सायलीला सोनियानं फोनवर सगळं सांगितलेलं. ती पोरीला घेऊन पळतच अंगणात आली. डोळे भरलेले. "घे दादा," म्हणली आणि पोरगी पुढं केली.

इंद्रजीतनं दोन्ही हात मागं बांधले.

"आज नको. सुईचा असर बसायला पंधरवडा तरी जातो, म्हणल्या अंगणवाडीतल्या सिस्टर. अन् मी त्याच पोरांच्या अंथरुणात निजतो." मग म्हणाला, "जावळ अकराव्या महिन्यात काढू. तोवर हिलाबी सुई मिळंल."

"अन् लोक काय म्हणतील?" सायलीनं विचारलं.

"लोकांशी मी बोलतो की. त्यात माझा हात कोण धरतंय?"

सायली रडता रडता हसली. मी पदर तोंडाला लावला. पोरगी मात्र मामाकडं बघून नुसती झेपावत होती, आणि ती जितकी पुढं झुकायची, तितका तो एकेक पाऊल मागं सरकत होता.