चाकात अडकलेली अक्षत

मी एक जुना रिव्हॉल्व्हर आहे, मित्रांनो, आणि थापा मारण्यात माझा हात कुणी धरणार नाही. एकदा मी उडत्या गरुडाच्या चोचीतला मासा पाडला, गरुडाला पत्तासुद्धा लागला नाही. खरं विचाराल, तर निम्मं आयुष्य एका दातांच्या डॉक्टरच्या ड्रॉवरमध्ये, पायमोज्यात झोपून काढलं. डॉक्टर वारला आणि मी अमेरिकेतल्या चँडलर शहरात, बंदुकांच्या एका दुकानात काचेखाली आलो.

तिथे श्रीरंगकाका आणि दीपाकाकू आले. काका कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. शेजारच्या घरात दिवसाढवळ्या चोर शिरले, तेव्हापासून त्यांची झोप उडालेली. त्यांनी माझ्या नळीत टॉर्च मारला, गोळ्यांचं चाक फिरवलं, हलवून पाहिलं. चाक जराही डुगडुगलं नाही. काका खूश. काकू मात्र नाखूश.

"वापरलेला कशाला? कुणाचा जीव घेतला असेल, कुणास ठाऊक."

"अगं, याचं लोखंड बघ. नवीन याच्यापुढे खेळणं वाटतं."

"मग दसऱ्याला आधी पूजा. त्याशिवाय हा ड्रॉवरमध्ये जायचा नाही."

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी हळदकुंकू लावलं. मी असा लाजलो की नळी लाल झाली. काकूंना माझं आतलं पापही धुवायचं होतं, म्हणून चाक उघडं ठेवायला लावलं आणि कुंकवात भिजवलेल्या अक्षता मूठभर टाकल्या. काकांनी वरवर पुसून गोळ्या भरल्या. एक दाणा चाकामागे जाऊन बसला आणि तिथेच वाळला. मला गुदगुल्या झाल्या.

दिवाळीच्या तोंडावर, एका दुपारी काका घरूनच काम करत होते. काकू ऑफिसात, मुलगा देवांग टूसॉनला कॉलेजात. मागचं दार हळूच उघडलं. काकांनी मला काढलं. दारातल्या उन्हात नुसती काळी आकृती. नेम छातीवर होता. त्यांनी चाप ओढला. चाक हललं नाही. पुन्हा ओढला.

"बाबा," मळक्या कपड्यांची पिशवी खाली ठेवत आकृती म्हणाली, "इट्स मी. सरप्राइज द्यायचं होतं."

ही थाप नाही, मित्रांनो. असती तर बरं झालं असतं.

तुम्हाला वाटेल, मग मला कालव्यात फेकलं असेल. काकूंनी रडून रडून तेच सांगितलं. काका म्हणाले, "आणि खरंच चोर असता तर?" शनिवारी त्यांनी मला दुकानात नेलं. दाणा निघाला, तेल पडलं.

यंदाच्या दसऱ्याला काकूंनी झेंडूचं फूल दुरूनच ठेवलं. अक्षता नाहीत. देवांग आता कोपऱ्यावरून फोन करतो, मग अंगणात दोन्ही हात दिसतील असे धरून उभा राहतो. हसतो, पण हाक आल्याशिवाय पायरी चढत नाही.

सायकल, छत्री, शिवणयंत्र तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा. माझी विनवणी उलटी आहे. मला गंजू द्या. माझ्या चाकात ओले तांदूळ सांडा. पण माझं ऐकतो कोण? काका दर रविवारी तेल घालतात. चाक लोण्यासारखं फिरतं. आणि देवांगच्या फोनची बॅटरी, मित्रांनो, सारखी उतरलेली असते.