कारंज्यांचा वार

हरिहर खांबेटे माणूस वाईट नव्हता, त्याचं खातंच तसं होतं. पिंपरीच्या कारखान्यात कोणत्या कामाला किती सेकंद लागतात हे मोजायला एक स्वतंत्र खातं होतं, आणि त्या खात्यात हरिहर चौदा वर्षं हातात स्टॉपवॉच घेऊन उभा होता. तो शेजारी येऊन थांबला की लेथवरचा माणूस नवरीसारखा हळू चाले आणि त्याची पाठ वळली की पुन्हा ताळ्यावर येई. हरिहरला हे ठाऊक होतं. त्यासाठी तो मोजलेल्या वेळेतून ठरावीक सेकंद कापून घेत असे.

लग्नालाही चौदाच वर्षं झाली होती. बायको मृदुला, मुलगी चित्रा, आकुर्डीला कंपनीच्या वसाहतीत दोन खोल्या. दोन वर्षांतून एकदा कंपनी प्रवासखर्च देत असे, आणि घेतला नाही तर तो बुडे. हरिहरने तो सहा वेळा बुडवला होता, कारण योजना पक्की व्हायच्या आत मुदत संपायची. अठ्ठ्याहत्तर सालच्या दिवाळीच्या सुट्टीत मात्र जायचंच असं ठरलं. कुठे, यावर वाद नव्हता. कर्नाटकात एका धरणाखाली नंदन उद्यान नावाची बाग होती. तिथे मुलांची आगगाडी होती, आकाशपाळणा होता, होड्या होत्या, आणि संध्याकाळी गाण्याच्या तालावर रंगीत पाणी नाचत असे. चित्राच्या वर्गातली एक मुलगी ते बघून आली होती आणि तेव्हापासून कुणाशी धड बोलत नव्हती.

वाद होता तो कसं जायचं यावर. खरं म्हणजे वादही नव्हता, कारण वादाला दोन माणसं लागतात.

वसाहतीत 'सुखयात्रा'वाल्यांचा माणूस येऊन छापील कागद वाटून गेला होता. आठ दिवस, सात ठिकाणं, आकुर्डीहून बस, राहणं, जेवण, सगळं त्यांचं. पुढच्या आळीतल्या बबनराव आणि गिरजाबाईंनी लगेच नावं दिली. ही मंडळी मूळची कुरुळीची, बबनराव कंपनीत फोरमन, आणि गिरजाबाई जिथे बसची खिडकी मिळेल तिथे जायला तयार. मृदुलाने तो कागद वाचला. वर देवळांची चित्रं होती, खाली नियम होते आणि मधे एक ओळ होती: 'आचारी सोबत. भगिनींना संपूर्ण विश्रांती. सकाळी सहा वाजता अंथरुणात चहा.'

ही ओळ तिने उभ्याने वाचली, मग बसून वाचली. मग कागदाची घडी करून डब्यांच्या फळीवर, हळदीच्या डब्याखाली ठेवली. हरिहरला बाहेरचं खाल्लं की पित्त होतं असं त्याच्या आईने लग्नातच सांगितलं होतं, त्यामुळे या घरात बाहेरचं खाणं आलंच नव्हतं. चौदा वर्षांत मृदुला एकाही जेवणाला बसल्यापासून उठेपर्यंत सलग बसली नव्हती. तिला नाचरं पाणी नको होतं, देवळं तर नकोच होती. तिला एकदा, फक्त एकदा, पानावर बसून राहायचं होतं आणि कुणीतरी वाढायचं होतं. एवढी साधी गोष्ट मोठ्याने मागायची तिला लाज वाटत होती.

म्हणून तिने ती आडून मागितली. "जेवण करून मिळतं म्हणे त्यांच्यात," ती म्हणाली.

"जेवण काय, घरीही मिळतं," हरिहर म्हणाला, आणि त्यात त्याला काही वावगं दिसलं नाही.

त्याचं म्हणणं मुद्देसूद होतं. सुखयात्रावाले बागेला जेमतेम एक संध्याकाळ देणार, आणि उरलेले दिवस आपल्याला न मागितलेली देवळं दाखवणार. त्यापेक्षा आपलं आपण जावं. पुण्याहून रेल्वे, मिरजेला गाडी बदलायची, हुबळीहून बस, आणि बागेच्याच विश्रामगृहात खोली. खोलीला मागे ओटा होता. स्टोव्ह घरचा न्यायचा. गिरजाबाई एकदा बोलून गेल्या होत्या की हौसेला मोल नसतं. हरिहरचं म्हणणं, मोल नसलं तरी वेळापत्रक असावं.

त्याने बागेच्या कार्यालयाला जोडकार्ड टाकलं आणि दहाव्या दिवशी उत्तर आलं: कारंजी रोज, पण रंगीत दिवे आणि गाण्यांसह पाण्याचा नाच आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशीच. हरिहरने त्यावरून तक्ता आखला. बुधवारी निघायचं, गुरुवारी दुपारी पोचायचं, गुरुवारी संध्याकाळी नाच, शुक्रवारी आगगाडी आणि होड्या, शनिवारी परत. 'गुरुवार' या शब्दाखाली त्याने तांबड्या पेन्सिलीने रेघ मारली.

आता कुणी म्हणेल, घरात तीन शिकलेली माणसं आणि एकालाही कळू नये? पण आमच्या भागात विजेच्या वाटणीपायी कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. गुरुवारी भोंगा वाजत नाही, न्हाव्याकडे रांग लागते, मटणाच्या दुकानासमोर पिशव्या घेऊन माणसं उभी असतात, बाप लोक बनियनवर फिरतात. वसाहतीतली शाळासुद्धा गुरुवारी बंद. रविवारी मुलं दप्तर घेऊन निघतात आणि बाप डबा घेऊन. चौदा वर्षं असं राहिलं की बाकीचं जग चुकतंय असं वाटायला लागतं. मृदुलानेही ते कार्ड तीनदा वाचलं होतं आणि तिलाही काही खटकलं नाही.

तिला तक्त्यातलं दुसरंच खटकलं. 'ह. — सामान, तिकिटं, देखरेख.' 'चि. — खेळणे.' आणि 'मृ. — स्वयंपाक — ४० मि.' ही ओळ रोज दोनदा येत होती. या चाळीस मिनिटांचं मोजमाप कधी झालं हे तिला आठवेना. हरिहर स्वयंपाकघरात कधी थांबलाच नव्हता. तिच्या लक्षात आलं की कुकर लागल्यापासून पानं घेतली जाईपर्यंत तो पेपर वाचतो, त्याला चाळीस मिनिटं लागतात.

तिने स्टोव्ह, पिना, तांदूळ, डाळ, पीठ, पोहे, गोडा मसाला, सांडशी बांधली आणि ती निघाली.

गाडी वेळेवर सुटली, मिरजेला बदलली, बस मिळाली. तक्ता एकदाही चुकला नाही, आणि हरिहर त्या दोन दिवसांत इतका सुखात होता की त्याने स्वतःहून चित्राला शेंगा घेऊन दिल्या. गुरुवारी संध्याकाळी सव्वासहाला तिघं कारंज्यासमोरच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. एवढ्या मोठ्या पायऱ्यांवर त्यांच्याशिवाय एक माळी होता आणि एक कुत्रं होतं. हरिहर म्हणाला, लवकर येण्याचा हा फायदा.

साडेसहाला पाणी वर गेलं आणि खाली आलं. पुन्हा वर गेलं, पुन्हा खाली आलं. अर्धा तास ते एवढंच करत राहिलं. मग माळ्याने कुठलीशी चावी फिरवली आणि तेही बंद झालं.

हरिहर कार्ड घेऊन कार्यालयात गेला. तिथल्या कारकुनाने कार्ड वाचलं आणि सांगितलं की बरोबर आहे, नाच रविवारी. हरिहर म्हणाला, इथे आठवड्याची सुट्टी लिहिलंय. कारकून म्हणाला, तेच, रविवार. तुमच्याकडे कधी असते? हरिहर म्हणाला, गुरुवारी. कारकुनाने थोडा विचार केला आणि अत्यंत नम्रपणे त्याला त्याचा धर्म विचारला.

हरिहर कार्डाची घडी करत परत आला. मृदुलाला त्याची दया आली. वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलाचं गणित चुकावं तसा त्याचा चेहरा झाला होता. चित्रा रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "रविवारपर्यंत राहता नाही का येणार?"

रजा शिल्लक होती, खोली रिकामी होती. हरिहर पुन्हा कार्यालयात जाऊन खोलीचे दिवस वाढवून आला आणि कंदिलाजवळ तक्ता पसरून बसला. कामाला लागल्यावर त्याला जरा बरं वाटायला लागलं. मृदुला मागच्या ओट्यावर स्टोव्ह पेटवत होती. पीठ हवं होतं म्हणून ती आत आली आणि त्याच्या खांद्यावरून तिला दिसलं. शनिवार खोडून तिथे 'मृ. — स्वयंपाक — ४० मि.' त्याच्याखाली तेच. मग रविवार, आणि पुन्हा तेच, दोनदा.

ती मागे गेली. स्टोव्हची चावी सैल करून तिने त्यातली हवा सोडून दिली. तो फुसकन विझला. मग ती पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

"तुमच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी. या बागेला रविवारी," ती म्हणाली. "माझी कंपनी कोणत्या वारी बंद असते?"

हरिहरने मान वर केली. दुसरा नवरा असता तर चिडला असता, किंवा हसला असता. पण हरिहरला कामाच्या वेळेबद्दल प्रश्न विचारला की तो खरोखरच विचार करायला लागे, ती त्याची सवयच होती. त्याने चौदा वर्षं मागे जाऊन पाहिलं असावं.

"ठरलेली नाही," तो म्हणाला.

"मग तीन दिवस बंद. उद्यापासून."

त्या रात्री तिघांनी पोहे भिजवून खाल्ले. मृदुलाला झोप आली नाही. आपण फार केलं असं तिला वाटत होतं, आणि फार थोडं केलं असंही वाटत होतं.

शुक्रवारी सकाळी हरिहरने स्टॉपवॉच काढलं आणि ओट्याशी जाऊन बसला. खिचडी करायची होती. स्टोव्ह पेटायला अकरा मिनिटं लागली, त्यात त्याच्या भुवईचे थोडे केस गेले. डाळ निवडणं, तांदूळ धुणं, पाणी आणणं, ते कमी पडलं म्हणून पुन्हा आणणं, खालून लागलेलं खरवडणं, भांडी घासणं. मृदुला पायरीवर बसली होती. हातांचं काय करायचं तिला कळत नव्हतं, तिने ते आधी मांडीवर ठेवले, मग पदराखाली. दोनदा ती उठायला गेली आणि दोनदा चित्राने तिला खाली ओढलं.

खिचडी तळाला करपली होती आणि वर कच्ची होती. हरिहरने तिच्या पानात वाढली आणि समोर उभा राहिला. "अजून वाढू?" त्याने विचारलं.

मृदुला रडत होती. तशीच रडत तिने मान हलवली आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

त्या रात्री हरिहरने तक्त्यातले चाळीस खोडून तिथे दोन तास दहा मिनिटं लिहिलं. शेवटी त्याने ठरावीक सेकंद कापून घ्यायला पेन्सिल टेकवली, थांबला, आणि काही न कापता तक्ता मिटला.

रविवारी दुपारी सुखयात्राची बस विश्रामगृहामागे येऊन थांबली. पहिल्या गिरजाबाई उतरल्या. त्यांच्या लुगड्याला धुराचा वास येत होता आणि मनगटावर फोड होता. मृदुलाला पाहताच त्यांनी तिथेच बैठक मारली.

"काय सांगू वहिनी," त्या म्हणाल्या, "आचाऱ्याला तिसऱ्याच दिशी ताप भरला. त्याला दवाखान्यात टाकला अन् आमी पुढं आलो. तवापासून आमी बायाच रांधतोय, बत्तीस मान्सांचं. एक देऊळ दिसलं न्हाई मला. नुसता भात दिसला."

मृदुलाला गिरजाबाईंचं वाईट वाटलं, पण त्याआधी तिने हरिहरकडे पाहिलं. तो ओट्याशी उकिडवा बसून बटाट्यांवर झाकण ठेवत होता, आणि त्याने सगळं ऐकलं होतं. आता तो म्हणणार. मी तेव्हाच सांगत होतो, आपलं आपण जावं. तो म्हणेल आणि ते खरं असेल, आणि एकदा त्याचं खरं ठरलं की तीन दिवस ही गंमत ठरेल, पुढे पाहुण्यांना सांगायची. स्टोव्ह परत तिच्याकडे येईल.

हरिहरने तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. गिरजाबाईंच्या मनगटावरच्या फोडाकडे त्याने थोडा वेळ पाहिलं.

"वहिनी, इथेच जेवा," तो म्हणाला. "बटाट्यांना अजून अठरा मिनिटं आहेत."

गिरजाबाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग झाकणाकडे, मग मृदुलाच्या मोकळ्या हातांकडे. त्यांनी आवाज खाली आणला.

"ह्ये रोज हाय व्हय?"

"तीन दिवस झाले," मृदुला म्हणाली.

"अन् घरी गेल्यावर?"

मृदुलाने ओट्याकडे पाहिलं. ओट्यावरून, झाकणावरची नजर न काढता, हरिहर म्हणाला, "गुरुवारी. गुरुवारी आमच्याकडे बंद असतं."

संध्याकाळी पाणी नाचलं. पायऱ्यांवर मुंगीला जागा नव्हती, आणि गिरजाबाई पहिल्याच गाण्याला मृदुलाच्या खांद्यावर झोपल्या. नाच फार सुंदर होता असं चित्रा अजून सांगते. मृदुलाला विचाराल तर ती बटाट्यांचं सांगते. मीठ जास्त झालं होतं.