साइडकारमधली धवलारीण

साल एक्क्याण्णव, मे महिना. साइडकार जोडलेली मोटारसायकल तेव्हा अख्ख्या कोन गावात एकच होती, जगन म्हात्रेची. गाडी जुनी, काळी आणि अशी दणदणीत की जगन पळस्प्याला पोचला की घरी चहाचं आधण ठेवावं. डाव्या अंगाला त्याने पत्र्याची साइडकार बसवून घेतली होती. खाडीवरच्या मिठागरातून मिठाच्या गोणी तिच्यात घालायच्या आणि पनवेलच्या दुकानांना पोचवायच्या, हा त्याचा धंदा.

त्या दिवशी मात्र गोणीच्या जागी त्याची बायको वेणू बसली होती. हिरवंगार लुगडं, अंबाड्यावर अबोलीचा गजरा, मांडीवर कापडी पिशवी. ती धवले, म्हणजे लग्नातली गाणी, गायला निघाली होती, आयुष्यात पहिल्यांदा एकटीने.

आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण आल्याशिवाय मांडवातलं पान हलत नसे. हळद दळण्यापासून अक्षता पडेपर्यंत सगळं तिच्या गाण्यावर चालायचं. वेणूची सासू पारूबाय ही आसपासच्या गावांत नावाजलेली धवलारीण. लग्न ठरलं की आधी पारूबायचा दिवस धरायचा, मग तारीख काढायची. पण त्या उन्हाळ्यात तिचा घसा बसला तो बसलाच. डॉक्टरांनी कुजबुजायलाही मनाई केली.

ही बातमी लागताच गव्हाण फाट्यापलीकडच्या खाडीकाठच्या गावातून चंद्रावती आली. तिच्या भाच्याचं, प्रणितचं लग्न तोंडावर आलेलं. चंद्रावती म्हणजे त्या घरातला शेवटचा शब्द.

"पारूबाय, तुजा आवाज नाय तर नाय," ओटीवर बसकण मारत ती म्हणाली. "तू आराम कर. आमच्या घरात आता कॅसेट हाय. मुंबईशी मागवलीय. बटन दाबला का धवले चालू. चहा नको, पान नको, रुसवा नको."

पारूबायला बोलता येईना. तिने नुसतं वेणूकडे बोट केलं.

"ही?" चंद्रावतीने वेणूला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "हिचा आवाज कोनी आयकलाय? तुज्या मागं बसून ओठ हलवते नुसती."

पारूबायने वेणूच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो काढेचना. शेवटी चंद्रावतीच उठली. "बरं. उंबराची फांदी मांडवात रोवायला आनतील तवर ही आली, तर हिनं गावं. नाय आली, तर मी बटन दाबनार. मंग माज्या नावानं बोंबलायचं नाय."

एका मांडवात बटण दाबलं गेलं की पुढच्या मांडवात दाबायला कोणी विचार करणार नाही, हे वेणूला दिसत होतं. आणि खरं सांगायचं तर तिला त्याहून मोठं काही दिसत होतं. लग्न होऊन आल्यापासून ती सासूच्या मागे बसून, दबक्या आवाजात, धवल्यांच्या ओळी धरत आली होती. गोठ्यात, विहिरीवर, भाताच्या खाचरात एकटी असली की तेवढा आवाज मोकळा सोडायची. आता समोर मांडव होता आणि पुढे सासू नव्हती. भीती वाटत होती, पण त्या भीतीला गोड चव होती.

निघताना पारूबायने तिची दृष्ट काढली, मीठमोहरी ओवाळून. गाडीला किक बसली आणि वेणूने मागे वळून पाहिलं, तर सासू दारात उभी राहून दोन्ही हातांनी 'जा, जा' करत होती.

गावाबाहेरच्या वळणावरच ते पहिल्यांदा वाजलं.

"पीं. पीं-पीं."

जगनने ब्रेक मारला. या आवाजाला तो भ्यायचा, कारण तो त्यानेच विकत घेतलेला होता. आदल्या वर्षी पळस्प्याच्या वळणावर साइडकारच्या सांध्याचा बोल्ट सैल झाला होता आणि मिठाच्या गोणी घेऊन साइडकार अर्धी निखळली होती. तेव्हा पनवेलच्या अविनाश वायरमनने सांध्यापाशी एक बटण आणि छोटा भोंगा बसवून दिला. सांधा हलला की बटण दाबलं जाणार आणि भोंगा ओरडणार. वर्षभर तो एकदाही ओरडला नव्हता.

जगनने खाली वाकून बोल्ट हलवून पाहिला. घट्ट. पाना लावला, तरी तसूभर फिरेना.

"बसा गो बाय धवलारीण, काय नाय झाला," तो म्हणाला.

पळस्प्याला पुन्हा तेच. "पीं-पीं. पीं." कधी अडखळत, कधी लांबट, जणू उचकी लागलीय. तिथल्या टायरवाल्याच्या टपरीवर ट्रकवाले बसले होते. हिरव्या लुगड्यातली बाई साइडकारमध्ये आणि नवरा गाडीखाली उताणा, हे बघून सगळे उठून आले.

"बॅटरीचं पाणी बगा," एक म्हणाला.

"बॅटरी नाय, वहिनी बसल्यात म्हनून वाजतोय," दुसरा म्हणाला. "वजनाचा भोंगा हाय."

"तुज्या ट्रकला लाव की मंग," वेणू म्हणाली, "तू चढलास का मुंबईपर्यंत आयकू जाईल." हसण्याचा फवारा उडाला आणि त्या गडबडीत जगनने किक मारली.

अविनाशचं दुकान पनवेलच्या जुन्या बाजारात होतं. जगनने गाडी थेट त्याच्या फळीला टेकवली. अविनाश बारीक अंगाचा, बोलायला चटपटीत माणूस. त्याने सांध्याची आतली चकती सैल केली, बटण बाहेर ओढलं, फडक्याने पुसलं, दाबून पाहिलं.

"स्विच ओके. वायरिंग ओके. जगनशेठ, तुमच्या गाडीला काही झालेलं नाही."

"मंग वाजते कशाला?"

"आनंद झाला असेल तिला. रोज मीठ, आज वहिनी." त्याने बटण परत बसवलं. तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आलं, जगनने घाई केली, "लग्नाला उशीर होतोय रे," आणि अविनाशने हात पुसत त्यांना वाटेला लावलं.

पनवेल मागे पडलं. गव्हाण फाट्याकडचा रस्ता लागला, मोठमोठे ट्रक धूळ उडवत जाऊ लागले. वेणूने पदर दातात धरला. आता नक्की पोचणार, असं तिच्या मनात येतंय तोच गाडी डावीकडे वळली.

"पीं-पीं-पीं."

"जल्लं हे यंत्र," जगन ओरडला. "वायर तोडूनच टाकतो."

"थांबा," वेणू म्हणाली. "आपल्या गावच्या वळणाला डावीकडं वळलो तवा वाजलं. पळस्प्याला पन डावीकडंच. उजवीकडं वळताना एकदा तरी वाजलं का?"

जगनला आठवेना. रस्त्याकडेला एक मोकळं माळरान होतं. वेणू म्हणाली, "घाला गाडी." जगनने गाडी घातली. उजवीकडे गोल फिरवली, भोंगा गप्प. डावीकडे गोल फिरवली, भोंगा सुरू. पुन्हा उजवीकडे, पुन्हा डावीकडे. रस्त्याने जाणारी एसटी हळू झाली आणि खिडक्यांतून डोकी बाहेर आली. भर उन्हात एक माणूस बायकोला साइडकारमध्ये बसवून माळावर गरागरा फिरवतोय आणि बायको हसतेय, असं त्यांना दिसलं असणार.

हसता हसता वेणूच्या पावलाला गार लागलं. तिने खाली हात घातला. साइडकारच्या तळाला पाणी होतं आणि डावीकडे वळलं की ते धावत उजव्या बाजूला, सांध्याकडे जात होतं. तिने बोट जिभेला लावलं.

"मीठ."

"गोनीचा असंल."

"गोनी सुकी असते. हे पाजरलंय." ती उठली आणि तिने बैठकीची फळी वर केली. खाली फडक्यात बांधलेलं एक गाठोडं होतं, नारळाएवढं. सोडलं तर आत ओलं, मिठागरातून नुकतं काढलेलं खडेमीठ आणि त्यात काळ्या मोहरीचे दाणे.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दृष्ट काढून मीठमोहरी चुलीत टाकतात. पण पारूबाय मिठागरवाल्यांची लेक, चिमटीने मीठ घेणं तिला ठाऊकच नव्हतं. त्यात सून पहिल्यांदाच एकटीने धवले गाणार. घरापुरती काढलेली दृष्ट पुरायची नाही, वाटेतसुद्धा राखण हवी, म्हणून तिने अख्खं गाठोडंच फळीखाली सरकवलं होतं. मेच्या दमट हवेत मीठ पाझरलं आणि ते खारं पाणी बटणापर्यंत पोचून भोंग्याला उचक्या लावत राहिलं. सांगावं, तर तिला आवाज नव्हता.

"आये पन," जगन म्हणाला आणि कपाळाला हात लावून खाली बसला.

वेणूने गाठोडं बाजूच्या खाजणाच्या खाऱ्या चिखलात रिकामं केलं, पदराने तळ आणि बटण कोरडं खडखडीत पुसलं. गाडी डावीकडे वळवून पाहिली. भोंगा गप्प.

मग ते सुटले. खाडीचा वारा अंगावर येऊ लागला, दोन्ही अंगांना मिठागरं चकाकू लागली. वेणूला राहवेना. तिने इंजिनाच्या दणदणाटावर आवाज लावला आणि धवला सुरू केला, देवांना लग्नाचं आवतण देणारा. आवाज असा सुटला की जगनने मान वळवून पाहिलं. इतक्या वर्षांत त्याने तो असा, पुरता, ऐकलाच नव्हता. दूरवर मांडवाच्या कर्ण्यावरची गाणीही आता ऐकू येत होती.

"पीं—"

या वेळी भोंगा थांबलाच नाही. एकसारखा, सरळ.

"ओल राहिली असंल," जगन म्हणाला. "वाजू दे. गाव आलाच."

वेणू गायची थांबली. "हा तो आवाज नाय. थांबवा."

"अगो, फांदी आत गेली तर चंद्रावती बटन दाबल. तुज्यासाटीच पळवतोय ना मी?"

"मगाचा आवाज ओला होता, अडकत होता. हा सुका हाय. थांबवा म्हनते ना."

जगन चडफडत थांबला. वेणूने पाय खाली टेकला आणि ती उतरली तशी साइडकार एका बाजूला कलली. सांध्याचा बोल्ट शेवटच्या आट्यावर लटकत होता. अविनाशने सैल केलेली चकती त्या घाईत पुन्हा आवळलीच नव्हती आणि बोल्टावरचं नट वाटेत कुठेतरी पडलं होतं. डाव्या बाजूला रस्ता संपत होता आणि खाली खाडीचं पाणी होतं. जगनने पाण्याकडे पाहिलं, मग वेणूकडे.

"आता?" वेणूने विचारलं.

"नट नाय. गाडी हलनार नाय."

गाव समोर दिसत होतं, पण रस्ता मोठा वळसा घालून जात होता. मिठागरांमधून जाणारा मातीचा बांध मात्र सरळ मांडवाकडे जात होता. वेणूने लुगडं खोचलं, चपला हातात घेतल्या आणि ती बांधावरून पळत सुटली. मागे पिशवी घेऊन जगन.

अर्ध्या बांधावर असताना कर्ण्यावरचं गाणं बंद पडलं. म्हणजे उंबराची फांदी आली. मग माइकवर टकटक झाली, कुणीतरी "हॅलो, हॅलो" म्हटलं.

पळून उपयोग नव्हता. वेणू उभी राहिली. छाती धपापत होती, घसा कोरडा पडला होता. तिने डोळे मिटले आणि श्वास खाली बसू दिला. मग तिने आवाज लावला. पहिली ओळ फाटली. दुसरी सावरली. तिसरीला पाठीमागचा खाडीवरचा वारा मिळाला आणि तो आवाज मिठागरांच्या पाण्यावरून सरकत थेट गावात गेला.

मांडवात काय झालं ते वेणूला नंतर बायकांनी सांगितलं. चंद्रावती टेपपाशी बोट उगारून उभी होती. धवला कानावर आला तशी ती भडकली. "माज्या आदी बटन कोनी दाबलं?" पोरींनी टेप दाखवला, चक्री फिरतच नव्हती. तेव्हा ती मांडवाबाहेर आली आणि तिने कपाळावर हात धरून बांधाकडे पाहिलं. हातात चपला घेतलेली एक बाई गात गात येत होती. फांदी घेऊन आलेले मांडवाच्या तोंडाशीच थबकले. म्हाताऱ्या बायकांनी ओळ उचलली आणि त्या तशाच गात वेणूला सामोऱ्या गेल्या.

वेणू जवळ आली तेव्हा चंद्रावतीने तिच्या हातातल्या चपला काढून घेतल्या. "पाय धू आनि आत चल," ती म्हणाली. "फांदी धरून पोरांचे हात दुकाया लागले."

त्या दिवशी फांदी रोवली गेली, हळद दळली गेली, आणि दुसऱ्या दिवशी प्रणित आणि त्याची नवरी रंजिता यांच्यावर अक्षता पडेपर्यंत वेणू गात राहिली.

प्रणित आणि रंजिताचा संसार चांगला झाला. त्यांच्या थोरल्या मुलाच्या लग्नालाही वेणूच गेली. चंद्रावतीने नंतर आणखी दोन भाच्यांची लग्नं केली, पण कॅसेट पुन्हा काढली नाही. ती गेली त्या वर्षीसुद्धा मांडवाच्या तारखा काढण्यात तिचाच शब्द चालत होता. अविनाशला जगनने भर बाजारात चांगलं झापलं आणि नंतर दोघांनी एकत्र चहा घेतला. पुढे अविनाशने नवीन पनवेलमध्ये दुकान थाटलं. मिठागरांच्या जमिनी गेल्या तसा जगनचा धंदा बसला. त्याने गाडी विकून टेम्पो घेतला आणि अंगात ताकद होती तोवर चालवला.

पारूबायचा आवाज परत आला, पण घोगरा. ती मांडवात येऊन वेणूच्या मागे बसायची आणि सून ओळ चुकली की पाठीला चिमटा काढायची. अठ्ठ्याण्णव साली ती गेली. तिच्या दहाव्याला कुठकुठल्या गावच्या धवलारणी आल्या होत्या.

वेणू आता सत्तरीला टेकली आहे. तिला न्यायला एसीच्या गाड्या येतात. बसल्या बसल्या ती ड्रायव्हरला काच खाली करायला लावते. घशाला थंडी लागते म्हणते, पण गव्हाण फाटा मागे पडला की तिचं गाणं सुरू झालेलं असतं.